वाचकांचे प्रश्न : सँ-व्हेराँ, उंचीवरचे एक गाव

प्रश्न : फ्रान्समधील सँ-व्हेराँ या डोंगराळ गावाला कोणी ‘युरोपातील सर्वांत उंच गाव’ म्हणतो, तर कोणी ‘फ्रान्समधील सर्वांत उंच’. यांतले खरे काय? आणि इतक्या उंचीवर माणसे मुळात राहायला गेलीच कशाला?

उत्तर : उंचीचा वाद हा बराचसा ‘गाव’ कशाला म्हणायचे याचा वाद आहे. इटलीच्या सीमेलगतच्या केरा भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,०४० मीटरवर वसलेल्या सँ-व्हेराँला स्वतःची ग्रामसभा आणि स्वतःचा मेयर आहे. लोकसंख्या जेमतेम दोन-अडीचशे. फ्रान्समध्येच व्हाल तोराँस हे ठिकाण २,३०० मीटरवर आहे, पण ते विसाव्या शतकात स्कीइंगसाठी उभारलेले पर्यटनस्थळ असून त्याचा कारभार ज्या गावाकडे आहे ते खाली खोऱ्यात आहे. स्वित्झर्लंडमधील युफ ही बारमाही वस्ती २,१२६ मीटरवर आहे; तिथे तीसेक माणसे राहतात, मात्र तिचा स्वतंत्र ग्रामकारभार नाही. त्यामुळे ‘युरोपातील’ म्हणताना पुढे बारमाही वस्ती आणि स्वतंत्र ग्रामकारभार या दोन अटी जोडाव्या लागतात. ‘फ्रान्समधील’ म्हणणे निर्धोक. गावाची जुनी फुशारकी याहून नेमकी आहे : ‘जिथे देवाचा पाव खाल्ला जातो, अशांतले सर्वांत उंच गाव’. म्हणजे जिथे प्रार्थनेत प्रसादाचा पाव वाटला जातो, जिथे चर्च आहे आणि त्याला भाविकही आहेत, असे.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. आल्प्समध्ये गावाची उंची किती यापेक्षा ते डोंगराच्या कोणत्या अंगाला आहे, याला अधिक महत्त्व असते. तिथले लोक उन्हाच्या अंगाला ‘आद्रे’ आणि सावलीच्या अंगाला ‘उबाक’ म्हणतात. सँ-व्हेराँ ‘एग ब्लांश’, म्हणजे ‘पांढरे पाणी’, या ओढ्याच्या वर उन्हाच्या अंगाला पसरलेले आहे. या ओढ्याचे पाणी गील नदीला मिळते आणि गील पुढे द्युराँस नदीला. अटलांटिकवरून येणारे ढग पश्चिमेकडच्या उंच रांगांवरच बरेचसे रिते होत असल्यामुळे केराच्या वाट्याला कोरडी हवा आणि भरपूर ऊन येते, म्हणूनच इतक्या उंचीवरही राय (गव्हासारखे एक धान्य) आणि बार्ली पिकवता येत असे. शिवाय वर कुरणे होती, लार्च या सूचिपर्णी झाडाचे लाकूड होते आणि इटलीतील पीडमाँट प्रांताकडे उतरणाऱ्या खिंडी होत्या. गावाच्या वरच्या डोंगरात तांब्याचे खनिज आहे आणि ते कांस्ययुगातच, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वी, काढले जात होते. माणूस इथे उंचीसाठी नव्हे, ऊन, चारा आणि धातूसाठी आला.

जुने घर पाहिले की हा सगळा हिशेब एका नजरेत उलगडतो. खालचा मजला जाड दगडी भिंतींचा. हिवाळ्यात तिथे माणसे आणि गुरे एकाच छताखाली राहत आणि गुरांच्या उबेवर घर तगून राही. त्यावर लार्चचे अख्खे ओंडके कोपऱ्यात एकमेकांत अडकवून रचलेला लाकडी भाग, ज्याला ‘फ्यूस्त’ म्हणतात. त्यात गवत आणि धान्य भरलेले असे, आणि तोच साठा डोक्यावरच्या जाड दुलईचे कामही करी. धान्य शेतात पूर्ण वाळेपर्यंत थांबण्याइतका उन्हाळा लांब नसल्यामुळे पेंढ्या उन्हाकडे तोंड असलेल्या लाकडी सज्जांत वाळवत. लाकूड आणि वाळके गवत यांनीच भरलेल्या या गावाला सर्वांत मोठे भय आगीचे होते. म्हणून वस्ती वेगवेगळ्या आळ्यांत विभागून मध्ये मोकळ्या पट्ट्या राखल्या गेल्या. पाण्याचे सार्वजनिक लाकडी हौद मात्र आळीआळीत आहेत.

प्रश्न : हे गाव एका स्वतंत्र डोंगरी प्रजासत्ताकात होते, असे वाचले. ते कितपत खरे?

उत्तर : ‘प्रजासत्ताक’ हा शब्द मागाहून प्रेमाने चिकटवलेला आहे. २९ मे १३४३ रोजी दोफिने प्रांताचा कर्जबाजारी अधिपती दुसरा अंबेर याने ब्रियाँसों परिसरातील गावांना एक सनद दिली. मोठी रोख रक्कम आणि दरवर्षीचा ठरावीक भरणा यांच्या बदल्यात सरंजामी देणी माफ झाली आणि सभा भरवण्याचा, प्रतिनिधी निवडण्याचा व कर आपसांत वाटून घेण्याचा हक्क मिळाला. या वाटणीवरूनच अशा गावसमूहांना ‘एस्कार्तों’ हे नाव पडले. असे पाच समूह होते आणि केरा हा त्यांतला एक. १३४९ मध्ये दोफिने फ्रान्सच्या राजघराण्याकडे गेला, तरी सनद टिकली. १७१३ च्या उत्रेख्त तहाने सीमा पर्वतरांगेच्या माथ्यावरून आखली गेली. तीन समूह पलीकडच्या साव्होय घराण्याच्या राज्याकडे गेले, ब्रियाँसों आणि केरा फ्रान्सकडे राहिले. उरलेसुरले हक्क फ्रेंच राज्यक्रांतीने संपवले. तेव्हा स्वायत्तता खरी होती, सार्वभौमत्व नव्हते.

आपण विचारलेले नाही, पण धर्माचा इतिहासही याच खोऱ्यातून वाहतो. सोळाव्या शतकात केरात प्रोटेस्टंट मत चांगलेच रुजले. १६८५ मध्ये राजा चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना धर्मपालनाची मुभा देणारा नाँतचा आदेश रद्द केल्यावर अनेक कुटुंबे देश सोडून गेली. गावात आज कॅथलिक चर्च आहे, तसे प्रोटेस्टंटांचे प्रार्थनागृहही आहे. आणि रस्त्यांलगत उंच लाकडी क्रूस उभे आहेत, ज्यांवर हातोडा, खिळे, शिडी आणि माथ्यावर कोंबडा अशी येशूच्या अखेरच्या यातनांची चिन्हे जडवलेली आहेत.

प्रश्न : तिथल्या भिंतींवरची सूर्यघड्याळे बरोबर वेळ दाखवतात का?

उत्तर : दाखवतात, पण सूर्याची. या भागातील अनेक सुंदर सूर्यघड्याळे पीडमाँटहून आलेल्या जोव्हान्नी फ्रांचेस्को झार्बुला या कारागिराने १८३३ ते १८८१ या काळात रंगवली. त्यांत फुलांबरोबर परदेशी पक्षीही दिसतात. फ्रान्सची हिवाळ्यातील अधिकृत वेळ १५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे आणि सँ-व्हेराँ सुमारे ७ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर भिंतीवर मध्यान्ह होते तेव्हा मनगटावर साधारण साडेबारा वाजलेले असतात, आणि उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे केलेली असल्यामुळे दीड. यात ऋतूनुसार पाव तासापर्यंतची आणखी घट-वाढ होते.