पृष्ठवंशातला वासा आणि समुद्रातले बिनकण्याचे भाऊबंद

प्रश्न असा आलाय की एका लेखात 'समुद्रातल्या काही अळ्या या पृष्ठवंशीय प्राण्यांच्या पूर्वज आहेत' असं वाक्य वाचलं, तर तिथे 'अळी' शब्द बरोबर आहे का, आणि 'पृष्ठवंशीय' मधला वंश म्हणजे घराणं, कूळ असंच समजायचं ना? प्रश्न दोन दिसतात पण माझ्या मते दोन्हींची गाठ एकाच ठिकाणी आहे, आणि हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा असल्यामुळे उत्तर जरा लांबणार, सांभाळून घ्या.

आधी वंश. संस्कृतात वंश म्हणजे मुळात बांबू, वेळू. पेरावर पेर चढत जातं म्हणून पिढीवर पिढी, म्हणजे घराणं, हा अर्थ त्याला चिकटला, आणि पाठीचा कणा हाही अर्थ त्याच पेरांमुळे. बासरीला वंशी म्हणतात तीही याच बांबूची. आपल्या बोलण्यात हा शब्द झिजून झिजून 'वासा' झाला, घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतो ना, तोच. आणि पृष्ठ झिजून पाठ. म्हणजे पृष्ठवंश हा भारदस्त शब्द उलगडला तर हाताला लागतो 'पाठीचा वासा'. समोरच्याला जरा वाकायला सांगून मानेपासून खाली पाठीवरून बोट फिरवून बघा, उंचवटा, खाच, परत उंचवटा, परत खाच, ज्याने कुणी पहिल्यांदा याला बांबू म्हटलं त्याची नजर किती नेमकी होती ते कळतं.

तेव्हा पृष्ठवंशी म्हणजे पाठीत वासा असलेला, बस. कुळाशी काही संबंध नाही. पण गंमत बघा, कणा आणि कूळ हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात बसल्यामुळे आपल्याला नकळत वाटायला लागतं की कणा आहे तो आपल्या वंशातला आणि नाही तो परका. आणि तुम्ही वाचलेल्या वाक्यातले प्राणी नेमके याच समजुतीला धक्का देणारे आहेत, अंगात हाड नाही, आणि तरी कुळाने आपल्या जवळचे.

आता अळी. मराठीत अळी ही वयातली एक पायरी आहे, पुढे तिचं फुलपाखरू, पतंग, भुंगा, माशी काहीतरी होणार असतं. भेंडीत असते ती अळी, पोटात होतात ते जंत, पायातून निघायचा तो नारू, पावसात अंगणात येतं ते गांडूळ. इंग्रजीवाले या सगळ्यांना एकाच शब्दात गुंडाळतात, आपल्याकडे प्रत्येकाला वेगळं नाव आहे आणि ते वापरावं असं मला मनापासून वाटतं. समुद्रातला हा प्राणी पूर्ण वाढल्यावरही लांबुळकाच असतो, त्यामुळे त्याला अळी म्हणणं चूकच. 'कृमी' म्हणा, शाळेच्या पुस्तकांतही चपटे कृमी, गोलकृमी असंच असतं. फक्त एक लक्षात ठेवायचं की कृमी हे आकाराचं नाव आहे, नात्याचं नाही. उदाहरण देतो. काही समुद्रकिनाऱ्यांवर ओहोटी लागली की ओल्या वाळूवर बारीक बारीक वेटोळी पडलेली दिसतात, अगदी सोऱ्यातून शेव पाडावी तशी. आत बिळात बसलेला कृमी वाळू गिळतो, तिच्यातलं खाण्यासारखं तेवढं घेतो आणि उरलेली मागून बाहेर सोडतो. आता हे वेटोळं गांडुळाच्या जातकुळीतल्या कृमीचंही असू शकतं आणि आपल्या जातकुळीतल्या कृमीचंही. बीळ तसंच, खाणं तसंच, पण घराणी पार वेगळी.

आपल्या जातकुळीतला तो बॅलॅनोग्लॉसस आणि त्याची मंडळी, आपल्या देशात मन्नारच्या आखातातलं कुरुसडई बेट यांच्यासाठी प्रसिद्ध आहे. शंभरएक जाती आहेत, काही मिलिमीटरपासून दीड मीटरच्याही वर. अंगाचे तीन भाग, पुढे ओकच्या फळासारखी सोंड, मग गळपट्टी, मग लांबच लांब धड. नाव ग्रीक, बॅलॅनोस म्हणजे ते फळ आणि ग्लॉसा म्हणजे जीभ. या धडाच्या सुरुवातीला घशाच्या दोन्ही बाजूंना ओळीने फटी असतात, माशाच्या कल्ल्यांसारख्या. 1866 मध्ये रशियन शास्त्रज्ञ कोवालेव्स्कीने त्या ओळखल्या आणि तिथून सगळं फिरलं, कारण अशा फटी गांडुळात नाहीत, किड्यांत नाहीत, गोगलगायीत नाहीत. आपल्यात आहेत, म्हणजे गर्भात असताना त्यांची तयारी होते आणि मग त्याच जागेतून मधला कान, टॉन्सिल, थायमस असले अवयव घडतात. 2015 मध्ये या कृमींचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळी आनुवंशिक माहिती, वाचून झाला तेव्हा या फटींशी संबंधित जीन्सचा एक गठ्ठा त्यांच्यात आणि आपल्यात जवळजवळ त्याच क्रमाने सापडला. मला हे वाचून अंगावर काटा आला होता.

आता दहावीच्या पुस्तकातला तो अवघड शब्द, अर्धसमपृष्ठरज्जू, म्हणजे बॅलॅनोग्लॉससच्या गटाचं नाव. पृष्ठरज्जू म्हणजे मणके तयार होण्याआधी पाठीत असणारी लवचिक दांडी, याला मज्जारज्जू समजू नका, खूप जण गल्लत करतात. आपल्यात ती दांडी पुढे विरून जाते आणि मणक्यांमधल्या चकतीच्या मऊ गाभ्याच्या रूपाने तेवढी उरते, स्लिप डिस्कमध्ये सरकून बाहेर येतो तो गाभा. बॅलॅनोग्लॉससच्या सोंडेत घशापासून निघालेली एक छोटी बंद नळी असते, इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम बेटसनला 1880 च्या दशकात वाटलं की हा अर्धा पृष्ठरज्जूच आहे, म्हणून गटाचं नाव तसं पडलं आणि आपण ते शब्दशः मराठीत आणलं. आज ती नळी म्हणजे पृष्ठरज्जू नव्हे असंच बहुतेक जण मानतात. नातं खरं निघालं पण नाव ज्या खुणेवरून पडलं ती खूण चुकीची निघाली. आणि 'अर्ध' मुळे मुलांना वाटतं की हा अर्धवट झालेला प्राणी, पुढे पूर्ण होऊन मासा झाला.

तसं नाहीये, आणि म्हणून तुमच्या वाक्यातला मला सगळ्यात जास्त खटकणारा शब्द अळी नसून 'पूर्वज' आहे. आज जिवंत असलेला कृमी आपला पूर्वज कसा असेल, चुलतभावाला कुणी आजोबा म्हणतं का? दोघांचा पूर्वज एक होता, तो पन्नास कोटी वर्षांहूनही आधी होऊन गेला. बॅलॅनोग्लॉससचं सख्खं भावंड म्हणजे तारामासा, दोघांची पिल्लं समुद्रात तरंगताना इतकी सारखी दिसतात की आधी या कृमीचं पिल्लू तारामाशाचंच म्हणून नोंदलं गेलं होतं, मग रशियन शास्त्रज्ञ मेचनिकोव्हने ते कृमीचं असल्याचं दाखवून दिलं. आपण या दोघांचे चुलत. यासाठी मराठीत 'भाऊबंद' हा फार नेमका शब्द आहे. सोयरे नको, सोयरिक लग्नाने जुळते, भाऊबंद एका मुळाचे असतात.

अजून एक कृमी आहे ज्याच्या नात्याचा निकाल लागत नाहीये. झेनोटर्बेला. 1915 मध्ये स्वीडनच्या किनाऱ्याजवळ गाळात सापडला, अंग चपटं, तोंड आहे पण मलद्वारच नाही. 1997 मध्ये त्याचा डीएनए तपासून हा शिंपल्यांच्या घराण्यातला आहे असं जाहीर झालं, नंतर कळलं की तो डीएनए त्याने खाल्लेल्या शिंपल्यांचा होता! मग काहींनी त्याला बॅलॅनोग्लॉसस आणि तारामाशाच्या जवळ बसवलं, 2016 मध्ये दुसऱ्यांनी तिथून उठवून डावी-उजवी बाजू सारखी असणाऱ्या सगळ्याच प्राण्यांच्या मुळाशी नेलं, 2019 मध्ये परत बॅलॅनोग्लॉसस आणि तारामाशाच्या जवळच्या जागेच्या बाजूने पेपर आला.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं करेन: 'समुद्रातले काही कृमी हे पृष्ठवंशीय प्राण्यांचे दूरचे भाऊबंद आहेत.' बॅलॅनोग्लॉससबद्दल असेल तर बिनधास्त लिहा. झेनोटर्बेलाबद्दल असेल तर 'भाऊबंद असावेत' असं करा, 'आहेत' नको.