घोड्यावर बसण्याआधी खोगीर नीट बांधलंय हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय, गोव्यात किनाऱ्यावर घोड्यावर बसायचा बेत आहे, पण घोडेवाला म्हणतो, ‘बांधायचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त बसा.’ मग तपासायचं काय? तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा, तपासा. बाकीचंही सांगते, पण घोडेवाल्याच्या असल्याच वाक्यापायी माझं डावं मनगट मोडलं आणि सात वर्षं झाली, घरात मी ‘घोड्यावरून पडलेली’ आहे.

मी डिचोलीची. नोकरीनिमित्त पुण्यात होते तेव्हा दोन वर्षं घोडेस्वारी शिकले. पहाटे उठून खरारा करायचा, खोगीर आपलं आपण चढवायचं, मग बसायचं. गोव्यात परत आल्यावर एका डिसेंबरात मामा, मामी, मुलं असे सगळे पेडण्याकडच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे एक तांबूस घोडी उभी होती. मला राहवलं नाही.

मोतद्दाराने तिच्या पाठीवर नमदा, म्हणजे खोगिराखालची जाड गादी, टाकला, वर खोगीर ठेवलं आणि तंग एका दमात आवळून बक्कल लावलं. घोडी कान मागे टाकून, छाती ताठ करून उभी. मुरलेल्या घोड्यांची ही खोड असते. तंग ओढताना श्वास भरून अंग आवळून धरतात आणि चार पावलं चालली की सैल सोडतात. म्हणून तंग टप्प्याटप्प्याने आवळायचा असतो. आधी खोगीर जागेवर राहील इतपत, मग घोडा थोडा फिरवून एखादं भोक, आणि पाय रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, घालायच्या आधी पुन्हा एकदा. यावर पोटात गुडघा मारणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांच्या घोड्यावर बसूच नका.

घोडी चार पावलं चालली. मी तंगाखाली हात घातला तर अख्खी मूठ आत गेली. सपाट धरलेली दोन-तीन बोटं सरकतील इतपतच जागा हवी. म्हटलं, “दादा, सैल आहे.” तो म्हणाला, “मॅडम, रोज एवढी माणसं बसवतो.” आणि मी गप्प बसले! दोन वर्षं शिकून गप्प बसले, याचं मला मनगटापेक्षा जास्त दुखतं.

डावा पाय रिकिबीत घालून वजन टाकलं आणि खोगीर तसंच्या तसं माझ्याकडे फिरलं. मी वाळूत, खोगीर घोडीच्या बगलेला लोंबकळतंय. खालून दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे: नमद्याच्या आतल्या बाजूला वाळू चिकटलेली आणि तंग घासून कोपरामागे पडलेला केस गेलेला गुलाबी चट्टा. घोडी बिचारी जागची हलली नाही. बिथरली असती आणि पाय रिकिबीत अडकला असता, तर हे उत्तर लिहायला मी नसते.

मामा शहाळं पीत उभे होते. म्हणाले, “बाय, बसता येईना म्हणून खोगिराला कशाला बोल लावतेस?” तेव्हापासून दर चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधताना हा विषय निघतो.

तर तुमचं उत्तर. नमद्याखाली हात फिरवून वाळू, काटा, घडी काही नाही ना बघा. तंग जिथे बसतो तिथे जखम असेल तर तो घोडा नकोच. खोगीर थोडं पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवतात, उलटं नाही. मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो त्यावर ते टेकता कामा नये. तंगाचे पट्टे आणि रिकिबीचे चामडे वाकवून शिवण बघा. आमच्याकडे पावसाळ्यात चामड्याला रातोरात बुरशी येते आणि दोरा कुजतो. वरून तेल लावून चकचकीत केलेलं चामडं आतून गेलेलं असू शकतं. चपला घालून जाऊ नका, टाच असलेले बूट हवेत.

आता एक कबूल करते. मामा अगदीच चूक नव्हते. मी जमिनीवरून, खोगीर धरून स्वतःला ओढत वर चढत होते. तसं केल्यावर बऱ्यापैकी आवळलेलं खोगीरही सरकू शकतं. ओट्यावरून किंवा स्टुलावरून बसा. ते नसेल तर पलीकडची रिकीब कुणाला तरी खाली दाबून धरायला सांगा. शिवाय सगळेच घोडेवाले बेफिकीर नसतात. काही जण न सांगता दोनदा तंग बघतात.

पण मामांच्या घोडेस्वारीबद्दलही सांगायला हवं. ते सत्तरी तालुक्यातले, शिगम्यात घोडेमोडणी नाचतात. लाकडी तोंडाचा, फुलांनी मढवलेला घोडा कमरेला बांधायचा, हातात तलवार घ्यायची आणि ढोल-ताशावर नाचायचं. त्या घोड्याला ना पोट, ना श्वास. तरी गेल्या शिगम्यात मी मुद्दाम बघत उभी राहिले. मामांनी घोडा बांधला, दोन उड्या मारल्या, थांबले, कमरेची गाठ सोडून पुन्हा आवळली आणि मगच ढोलवाल्याला मान हलवली.

व्हिडिओ काढून ठेवलाय. चवथीला दाखवणार आहे.