डिस्को लागला की लागलं?

पंचवटीतल्या एका ताईंनी विचारलंय : "नवरात्रात मुलगी म्हणाली, 'आई, डिस्को लागलं, चल लवकर.' मी म्हटलं, 'लागला' म्हण. बरोबर कोण? आणि दांडियाच्या आधी हा डिस्को आला कुठून?"

व्याकरणात ताई, तुम्ही बरोबर. बाहेरून आलेल्या ओकारान्त नामांना मराठी बहुतेक वेळा पुल्लिंगी करून टाकते. फोटो निघाला, रेडिओ बिघडला, व्हिडिओ आला. 'मेट्रो' तेवढी गाडीच्या नात्याने स्त्रीलिंगी झाली. मुलीच्या मनात 'गाणं' असणार, म्हणून तिचं 'लागलं'. त्यात फार चूक नाही, पण मी 'लागला'च म्हणेन.

दुसरा प्रश्न जास्त मजेचा. मूळ फ्रेंच शब्द 'दिस्कोतेक', तो 'बिब्लिओतेक' म्हणजे ग्रंथालय या शब्दाच्या धर्तीवर घडवलेला. तिथे ग्रंथ, इथे तबकड्या. शेवटचा 'तेक' हा ग्रीक 'थेके', म्हणजे ठेवायची पेटी किंवा जागा. आपल्या 'निधान'मधला 'धा' धातू त्याचाच भाऊबंद. (कॉलेज रोडवरच्या 'बुटीक' पाट्यांमध्येही हाच 'थेके' लपलाय, फ्रेंचांनी घासून घासून ओळखू न येण्याजोगा केलेला.) इंग्रजीने शब्द छाटला आणि घर टाकून नुसती तबकडी ठेवली.

आपल्याकडे तर तबकडीही उरली नाही. तसल्या नाचघरात नाशिकचं कोण गेलं होतं? डिस्को आला तो पिक्चरच्या गाण्यांतून. अमेरिकेतही 1977 च्या 'सॅटरडे नाइट फीव्हर'ने आणि बी जीजच्या गाण्यांनीच तो क्लबांबाहेर घराघरांत पोचवला. इथे 1980 च्या 'कुर्बानी'त बिड्डू यांच्या चालीवर नाझिया हसनने 'आप जैसा कोई' गायलं, आणि 1982 मध्ये मिथुन-बप्पी लाहिरी जोडीच्या 'डिस्को डान्सर'ने उरलंसुरलं काम केलं. ऐकलं आम्ही ते सगळं कॅसेटवर. म्हणजे घर नाही, तबकडीही नाही, आणि तरी डिस्को!

'कुर्बानी'ची बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजींची. त्यांचेच भाऊ बबला यांनी ऐंशीच्या दशकात 'डिस्को दांडिया' काढला. डिस्कोचा ठेका सोपा : चार मात्रांत प्रत्येक मात्रेवर मोठ्या ड्रमचा ठोका. टिपऱ्या एरवी कहरव्यावर वाजतात, त्याच्या आठ मात्रा या चौकटीत अलगद बसतात. त्यामुळे लग्न जमायला वेळ लागला नाही. पुढे त्यातली मूळ डिस्कोची चाल कधीच विरली. आज मैदानावर ढोल आणि ऑक्टोपॅडवर अहिराणी गाणं वाजलं तरी तिकिटावर डिस्को दांडियाच.

कारण मराठीत आता ते विशेषण आहे, अर्थ साधारण 'झगमगीत, लुकलुकणारं'. तेही अविकारी : डिस्को लाइट, डिस्को बल्ब, डिस्को ड्रेस. लिंग कुठलंही असो, शब्द हलत नाही. विशेषण म्हणून वापरलंत तर तुमचा आणि मुलीचा वादच मिटतो.

क्रियापदही झालंय. आमच्या आईने उभ्या जन्मात डिस्कोचं गाणं मन लावून ऐकलेलं नाही. पण स्वयंपाकघरातली ट्यूब फडफडली, की हाक येते : "अरे, ही बघ डिस्को मारायला लागली. स्टार्टर आण."