शब्दचर्चा : आर्गाइल मोजे, ‘चौकडी’ आणि ‘फेरा’

सांगलीच्या एका ताईंनी विचारलंय : आर्गाइल नक्षीचे लोकरी मोजे चार सुयांवर गोल विणते. मराठीत कृती लिहून द्यायची आहे. नक्षीला ‘चौकडी’ म्हणू की ‘शंकरपाळी’? आणि ‘सुई’ लिहू की ‘फेरा’?

आकार सांगायचा तर शंकरपाळी कुणालाही कळते. चौकडी म्हटलं की ताण्याबाण्यातून उठलेले सरळ चौकोन डोळ्यांपुढे येतात. आर्गाइलचा चौकोन टोकावर उभा असतो. तरी चौकडी म्हणणाऱ्यांचंही खरं आहे. ही नक्षी पश्चिम स्कॉटलंडमधल्या आर्गाइलच्या कॅम्पबेल घराण्याच्या टार्टनवरून आली, आणि टार्टन म्हणजे चौकडीचं लोकरी कापडच. पूर्वी तिकडे मोजे त्या कापडातून कापून शिवत. पायावर ताण घ्यावा म्हणून कापड उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकं, कापायचं. उरेब कापलं की चौकडी तिरकी होते. पुढे सुयांवर तीच तिरकी चौकडी विणू लागले. म्हणून मी तरी ‘उरेब चौकडी’च लिहीन. शिवणकाम करणाऱ्या कुठल्याही बाईला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही.

आता ‘सुई’. सपाट विणताना आपण ‘पहिली सुई सुलट, दुसरी उलट’ म्हणतो, तिथे सुई म्हणजे ओळ. मोज्यात 60 टाके तीन सुयांवर 20-20 वाटलेले असतात आणि चौथीने विणायचं असतं. ‘एक सुई सुलट’ लिहिलंत तर वाचणारी 20 टाक्यांवर थांबेल. तिथे ‘फेरा’च हवा.

पण आर्गाइलमध्ये एक मेख आहे. प्रत्येक शंकरपाळीला धाग्याची स्वतःची वेगळी गुंडी असते. गोल विणत गेलं, की त्या रंगाचा धागा शंकरपाळीच्या डाव्या कडेला राहतो आणि पुढच्या फेऱ्यात आपण येतो उजवीकडून. धागा हाताला लागतच नाही. म्हणून जुनी पद्धत सपाट विणून मागे शिवण घालायची. शिवण नको असेल तर सांध्यापर्यंत (फेरा जिथे सुरू होऊन संपतो तिथपर्यंत) सुलट जायचं, काम उलटवायचं, उलट टाक्यांनी सांध्याच्या दुसऱ्या कडेपर्यंत परत यायचं आणि तिथे धागे एकमेकांत अडकवायचे. नळी गोल होते, पण सांधा कधी ओलांडला जात नाही.

साताऱ्याजवळ संगम माहुलीला विश्वेश्वराला आपण घालतो ती प्रदक्षिणा नेमकी अशीच : सोमसूत्रापर्यंत (पिंडीवरचं पाणी बाहेर वाहतं त्या पन्हळीपर्यंत) जायचं, न ओलांडता मागे वळायचं. तेव्हा कृतीत ‘सोमसूत्री फेरा’ असं खुशाल लिहा, पहिल्यांदा येईल तिथे कंसात ‘सांध्यापाशी वळा’ एवढं जोडा. बोटांकडचा भाग एकरंगी असेल तर तिथून पुढे नुसता ‘फेरा’, सगळा सुलट.