मडक्यावरची ओळ

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

सेइकिलोस या प्राचीन काळच्या ग्रीक माणसाने थडग्यावर कोरवलेल्या ओळी तुला गुळगुळीत वाटल्या, हे मोकळेपणाने लिहिलंस ते बरं केलंस. 'जिवंत आहेस तोवर झळकत राहा, दुःख करू नकोस' एवढंच वाचलं तर मलाही भेटकार्डच आठवेल. पण ते कोरलंय थडग्याच्या संगमरवरी स्तंभावर आणि शब्दांच्या डोक्यावर स्वरांच्या खुणा आहेत. ज्याचं कुणी गेलंय तोच येणाऱ्या-जाणाऱ्याला गायला लावतोय! आज हा स्तंभ कोपनहेगनच्या संग्रहालयात आहे. मधल्या काळात, वर फुलांची कुंडी ठेवता यावी म्हणून कुणीतरी त्याचा तळ घासून सपाट केला. त्यात शेवटच्या ओळीतली अक्षरं गेली. अमर आठवणीसाठी उभारलेला दगड कुंडीखाली गेला, हेही त्या कवितेतच धर.

संग्रहालयातल्या फलकावरचा अनुवाद उतरवून घ्यायचा आणि घरी येऊन वाचायचा, ही तुझी सवय मोड. आधी वस्तूभोवती फिर. अक्षरं कुठे आहेत, माती ओली असताना ओढलीत की नंतर, ती वस्तू कुणाच्या हातात जायची होती, ते बघ.

डेव्हिड ड्रेकचंच घे. अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनात, एजफील्डला गुलाम म्हणून राबणारा कुंभार. 1834 मधल्या एका बरणीवर त्याने यमक जुळवून लिहिलं, की सगळं भरा आत, हिच्यात चौदा नक्की मावतील. चौदा गॅलन. बस, मापाची कविता! पण त्याच वर्षी त्या राज्याने गुलामांना लिहा-वाचायला शिकवण्याविरुद्ध कायदा केला. हा मात्र ओल्या मातीवर, सगळ्यांना दिसेल असं लिहीत राहिला. खाली 'डेव्ह' अशी सही आणि तारीख. 16 ऑगस्ट 1857 च्या बरणीवर तो विचारतो : माझे सगळे नातलग कुठे असतील, कोण जाणे, सर्वांशी मैत्री, प्रत्येक राष्ट्राशी.

बरणी विकली जायची, माणसंही विकली जायची. त्याला जिथे जाता येणार नव्हतं तिथे बरणी जाऊ शकत होती. हा प्रश्न कागदावर असता तर मला इतका बोचला नसता. मैत्रीची ती दुसरी ओळ मी बरीच वर्षं निव्वळ उदार समजायचो; आता तिच्यात कडवटपणाही ऐकू येतो. तुला काय ऐकू येतं ते माझ्यावर अवलंबून ठेवू नकोस.

आता चीनकडे वळ. चांगशाच्या भट्ट्यांतल्या, तांग राजवटीच्या काळातल्या सुरया शोध. त्यांच्यावर कुंचल्याने निनावी कविता लिहिल्या आहेत. एक अशी : तुझा जन्म झाला तेव्हा माझा झाला नव्हता, माझा झाला तेव्हा तुझं वय होऊन गेलं होतं. (हे आपल्या दोघांबद्दल नाही, गालात हसू नकोस.) अनेक सुरयांवर कविता तोटीच्या खाली, पोटावर असते.

पुढच्या पत्रात भाषांतर नको. सुरई कलती करून ओतताना ती ओळ कुणाच्या समोर येते, तेवढं बघून कळव.