मानसोपचारावरच्या पुस्तकातला 'नवा सिद्धांत' कितपत मानावा?

तुम्ही लिहिलंय की राग, आळस, व्यसन, संशय या सगळ्याचं मूळ लहानपणीच्या एकाच भीतीत आहे, असं एका मानसोपचारतज्ज्ञाच्या पुस्तकात वाचलं. पटतंय, पण मानावं का?

मी रावेरकडचा केळीवाला, डॉक्टर नाही. पण दरवर्षी कुणीतरी नवं टॉनिक घेऊन बांधावर येतो, त्यामुळे असल्या दाव्यांची सवय आहे. घड भरला तर टॉनिकमुळे, नाही भरला तर 'तुम्ही उशिरा सोडलं'. तुमच्या पुस्तकातही माणूस भांडखोर निघाला तर भीतीमुळे, गरीब गाय निघाला तरी भीतीमुळेच. मग कसं वागणारा माणूस भेटला तर लेखक म्हणेल, 'माझं चुकलं'? ते पान शोधा. मला अशा पुस्तकांत ते क्वचितच सापडलंय.

दुसरं, त्यातली माणसं आली कुठून? दवाखान्यातून. तसंच बालपण काढून नीट संसार करणारे भुसावळ स्टेशनावर रोज दिसतील, पण त्यांचा केसपेपर निघत नाही.

तिसरं, दावा तोंडोतोंडी कसा बदलतो ते बघा. 'सवय २१ दिवसांत लागते' हेच घ्या. मूळ मॅक्सवेल माल्ट्झचं, तो अमेरिकेतला प्लास्टिक सर्जन. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला किमान २१ दिवस लागतात, असं त्याने १९६० साली लिहिलं. पुढे 'किमान' गळालं, चेहराही गळाला. नंतर लंडनमध्ये ९६ जणांना १२ आठवडे एकेक सवय लावायला सांगितली, तर मधला आकडा निघाला ६६ दिवस. कुणाला १८, कुणाला २५४. आणि हे २५४ तर हिशेबाने पुढे ताणलेले, कारण १२ आठवडे म्हणजे ८४च दिवस! एवढं सगळं व्हॉट्सअॅपच्या सुविचारात कुठे मावणार?

पुस्तक वाचा, मजेत वाचा. फक्त त्यावरून चालू गोळ्या परस्पर बंद करू नका. आमच्या घरात एकाने केल्या होत्या, ते सहा महिने आठवले की अजून पोटात गोळा येतो.

हां, ते टॉनिक. वडिलांनी एका वर्षी ते ठिबकमधून सोडताना चार ओळींचे कॉक बंद ठेवले, म्हणजे तिकडे टॉनिक गेलंच नाही. कापणीला दोन्हीकडची रास सारखीच. टॉनिकवाल्याला बोलावून दाखवलं, तर म्हणतो, "आप्पा, जमिनीतून तिकडेही उतरलं असेल ना!"