वाचकांचे प्रश्न : कर्णबधिरांचं विद्यापीठ

प्रश्न : कर्णबधिर मुलांसाठी वेगळं विद्यापीठ आहे असं ऐकलं, खरंय का? आणि तिथे शिकवतात कसं?

उत्तर : हो, खरंय. अमेरिकेत वॉशिंग्टनला गॅलॉडेट युनिव्हर्सिटी आहे. १८५७ मध्ये छोटी शाळा म्हणून सुरू झाली, मग १८६४ मध्ये, म्हणजे तिकडे यादवी युद्ध चालू असताना, लिंकननी तिला पदव्या द्यायची परवानगी देणाऱ्या कायद्यावर सही केली. वर्गात शिकवणं, वाद, टिंगलटवाळी सगळं साइन लँग्वेजमध्ये. अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडू घोळका करून, गोलाकार उभे राहतात ना, ती पद्धत इथल्याच पोरांची म्हणतात, समोरच्या टीमला हातांच्या खुणा दिसू नयेत म्हणून!

पण गंमत बघा, १२४ वर्षं या विद्यापीठाचा एकही प्रेसिडेंट, म्हणजे प्रमुख, कर्णबधिर नव्हता. मार्च १९८८ मध्ये पुन्हा एका ऐकू येणाऱ्याच बाईंना नेमलं आणि मुलं भडकली, गेटं अडवली, कॉलेज बंद पाडलं, मोर्चा काढला, आठवड्याभरात त्या बाईंनी राजीनामा दिला आणि आय. किंग जॉर्डन पहिले कर्णबधिर प्रेसिडेंट झाले. १९९० च्या अपंग हक्क कायद्यालाही या आंदोलनाने जोर दिला असं मानतात.

मला विचाराल तर त्याहून मोठं काम विल्यम स्टोकी यांचं. तिथेच इंग्रजी शिकवायचे, स्वतःला ऐकू यायचं, आणि १९६० मध्ये त्यांनी दाखवून दिलं की साइन लँग्वेज म्हणजे नुसते हातवारे नाहीत, पूर्ण भाषा आहे. हाताचा आकार, जागा, हालचाल, यातलं एक बदललं की शब्दच बदलतो. तेव्हा सहकाऱ्यांनीच वेड्यात काढलं होतं त्यांना.